जत्रेत कुठल्या खेळाला जागा द्यायची, कुठल्याला नाही? (तीन पत्ते, पट्टा, सोरट, रिंग)

करवीरचा_गडी:

नमस्कार मंडळी. गाव करवीर तालुक्यातलं. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की आमच्या भागात गावोगावच्या जत्रा सुरू होतात. एक दिवस पालखी, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचं मैदान, आणि दोन्ही दिवस शाळेच्या पटांगणात पाळणे, खेळणी, भेळ-भजी. यंदा जागावाटप आणि पावत्या फाडायचं काम आमच्या गटाकडे आलंय.

जागा मागायला रिंगवाले, फुगेवाले, डबे पाडायचे, चक्रीवाले, सोरटवाले असे सगळेच येतात. शिवाय न मागता बसणारे वेगळेच: तीन पत्ते टाकणारे, पट्टा गुंडाळणारे. कमिटीत दोन मतं आहेत. एक म्हणतंय सगळंच बंद करा. दुसरं म्हणतंय, "तीन पत्त्यांत नजर तेज असली की जिंकता येतंय, सोरट नशिबाचं असतंय, लोकांनी आपल्या पैशानं खेळावं, आपल्याला काय?"

मला हवंय ते एवढंच: पत्त्यांत फसवणूक नेमकी कुठं होते? सोरट आणि फाशांत हिशेब कसा असतो? रिंग-फुगे-डबे यांना परवानगी द्यायची तर आधी काय तपासायचं? आणि कायद्यानं कमिटी कुठं अडकू शकते? प्रवचन नको, कामाचं सांगा.

---

हातसफाई:

पत्त्यांपासून सुरू करतो, कारण "नजर तेज असली की जिंकता येतं" हीच समजूत तो धंदा चालवते.

पत्ते तीनच असतात. दोन काळी पानं, समजा किलवरची दुर्री आणि इस्पिकची तिर्री, आणि एक बदाम राणी. पालथ्या पानांतली राणी ओळखून तिच्यावर पैसे लावायचे, एवढाच खेळ. तिन्ही पानं लांबीच्या दिशेनं मधोमध कौलासारखी किंचित वाकवलेली असतात, म्हणजे पालथी पडली तरी कडा चिमटीत येतात. टाकणारा उजव्या हातात दोन पानं एकावर एक धरतो, मध्ये बोटभर फट ठेवून. खाली राणी, वर दुर्री. एका कडेला अंगठा दोन्हींना सामाईक. समोरच्या कडेला वरच्या पानाला तर्जनी आणि खालच्याला मधलं बोट. मनगट वळवून राणी सगळ्यांना दाखवतो आणि हात झोकून एक पान खाली टाकतो.

खऱ्या फेकीत खालचं पान सुटतं, म्हणजे राणी. खोट्या फेकीत तर्जनी ढिली होते आणि वरची दुर्री सटकते. सुटलेली तर्जनी लगेच उरलेल्या पानाच्या कडेवर येते, त्यामुळे हातात अजून वरचंच पान आहे असं दिसतं. सगळं झोकाच्या आत घडतं. पुढं पानांची अदलाबदल तो मुद्दाम सावकाश करतो, जेणेकरून तुम्हाला नीट पाठलाग करता यावा. तुम्ही करताही. फक्त दुर्रीचा करता. नजर जितकी तेज, तितका माणूस जास्त खात्रीनं चुकतो.

ही खोटी फेक प्रत्येक वेळी नसते. बघ्यांसमोरच्या बऱ्याच फेकी खऱ्या असतात. त्यामुळे मागं उभा असलेला माणूस मनातल्या मनात बरोबर ओळखत राहतो आणि "आपल्याला कळतंय की" असं त्याला वाटायला लागतं. तेवढ्यात शेजारचा खेळणारा चुकीच्या पानावर पैसे लावून हरतो. हा शेजारचा त्यांचाच.

दुसरी युक्ती त्याहून वाईट, कारण ती बघ्याला चोरीत भागीदार करते. टाकणारा मान वळवून पुडी सोडायला किंवा कुणाशी तरी बोलायला लागतो. तेवढ्यात त्यांच्यातलाच एक जण राणीचा कोपरा हळूच मुडपतो आणि तुमच्याकडे बघून डोळा मारतो. आता तुम्हाला वाटतं, खेळ उघडाच पडला. टाकणाऱ्याला मात्र "कळलेलं" नसतं. पुढच्या फेकीत तो करंगळीनं राणीचा कोपरा सरळ करतो आणि दुर्रीचा मुडपतो. तुम्ही मुडपलेल्या पानावर खिशातलं सगळं लावता. हरल्यावर ओरडणार तरी कसं? आपण खूण बघून खेळत होतो हे सांगावं लागेल ना.

वाट्या आणि गोळीचंही थोडक्यात सांगतो, म्हणजे तीन पालथ्या वाट्यांपैकी गोळी कुठल्या वाटीखाली ते ओळखायचा खेळ. गोळी स्पंजची किंवा मऊ रबराची असते. वाटी पुढं सरकवताना ती मागच्या कडेखालून बाहेर येते आणि अंगठा-बोटाच्या बेचक्यात जाते. तुम्ही वाटी निवडता तेव्हा तिन्ही रिकाम्या असतात. नंतर दुसरी वाटी मागं ओढताना गोळी तिच्याखाली सोडायची. म्हणून खाली सतरंजी, कापड किंवा वर्तमानपत्राची घडी हवीच. गुळगुळीत कडक फरशीवर हे नीट जमत नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावर पर्यटकांना हाच खेळ दाखवतात, बार्सिलोनात असल्या लोकांना त्रिलेरो म्हणतात. माल सगळीकडे तोच.

---

खासबाग_कट्टा:

हातसफाई सरांनी हात सांगितला, मी माणसं सांगतो. भावा, पत्त्यांकडं बघूच नकोस, कोंडाळ्याकडं बघ.

टाकणारा एक. खेळून जिंकणारे-हरणारे दोन ते चार, सगळे त्याचेच. लांब रस्त्याच्या तोंडाला एक-दोघं नजर ठेवून. एखादा दांडगा, काही न बोलता मागं उभा असणारा. दहा माणसांचं कोंडाळं असलं तर त्यातली निम्मी घरचीच समजायची. मांडणी कायम उचलता येण्यासारखी: उलटा खोका, उघडी छत्री, नाहीतर गुडघ्यावर वर्तमानपत्र. पक्कं टेबल कधी दिसायचं नाही, लाथ मारली की सगळं आवरलं पाहिजे.

आणि समजा नशिबानं तू बरोबर पानावर हात ठेवलास. तरी पैसे मिळत नाहीत. त्यांचाच एक जण दुसऱ्या पानावर तुझ्या दुप्पट नोटा टाकतो आणि टाकणारा म्हणतो, "एका डावाला एकच, मोठी बोली तीच धरणार." तुझे पैसे परत, डाव दुसऱ्याचा. नाहीतर "पोलीस!" म्हणून आरोळी, खोका उडाला, आणि नोटा गोळा करायला चार हात आले. म्हणजे खेळात जिंकायची वाट मुळात ठेवलेलीच नाही. लई हुशार माणसाला हे सांगून पटत नाही, हा एक त्रास आहे.

कुणाला निवडतात तेही बघ. एकटा उभा, हातात पिशवी, आत्ताच पगार नाहीतर जनावर विकून आलेला, घाईत नसलेला. बायकापोरं बरोबर असलेला माणूस सहसा सोडून देतात, कारण बायको दंडाला धरून ओढते आणि डाव मोडतो.

---

करवीरचा_गडी:

आभारी आहे दोघांचा. पट्ट्याच्या खेळात पण असंच काही आहे का? तिथं पत्ते बदलायचा प्रश्नच नाही, पट्टा सगळ्यांसमोर असतोय, काडी गिऱ्हाइकाच्याच हातात असतीय. आमच्यातले काही जण म्हणतात हा तरी पन्नास-पन्नास आहे.

---

हातसफाई:

पट्टा तर पत्त्यांपेक्षाही वाईट, कारण त्याला हातचलाखीसुद्धा फारशी लागत नाही.

चामडी पट्टा मधोमध दुहेरी घालायचा आणि घडीच्या बाजूनं गोल गुंडाळत जायचं. गुंडाळी जमिनीवर उभ्या कडेवर ठेवली की मध्यभागी दोन सारखे दिसणारे वेढे दिसतात. त्यातला एक खरी घडी, दुसरा नुसता वळसा. गिऱ्हाइकानं एकात काडी किंवा पेन्सिल उभी करायची. मग टोकं ओढायची. काडी पट्ट्यात अडकली तर गिऱ्हाईक जिंकलं, पट्टा सरळ सुटून आला तर हरलं.

आता बाहेर दोन टोकं आहेत. दोन्ही एकत्र धरून ओढली तर काडी खऱ्या घडीत अडकते. पण ओढण्याआधी त्यातलं एक टोक गुंडाळीभोवती एक फेरा उलट सोडलं, की आतली जागा बाहेरची होते आणि बाहेरची आतली. काडी तिथंच, तिचा अर्थ मात्र पालटला. हा फेरा "जरा सैल करतो" म्हणत उघड्यावर सोडतात आणि कुणालाच तो खेळाचा भाग वाटत नाही. म्हणजे पैसे लागल्यावर, काडी रोवल्यावर, निकाल ठरवायचा अधिकार पूर्ण त्याच्याकडे.

तुमच्या कमिटीला कसोटी हवी असेल तर हीच धरा: पैसे लागल्यानंतर निकाल कुणाच्या हातात राहतो? खेळवणाऱ्याच्या हातात राहत असेल तर तो ना नशिबाचा ना कौशल्याचा. त्याला जागाच नाही.

---

भागाकार:

सोरट आणि फाशांचा हिशेब मांडतो. इथं कुणी हात मारत नाही असं धरून, म्हणजे अगदी सचोटीनं खेळवलं तरी काय होतं ते.

सोरट: बोर्डावर १२ चित्रं, १० रुपये लावा, आपलं चित्र निघालं तर १०० मिळणार. बाराही चित्रांवर प्रत्येकी १० लागले तर गोळा झाले १२०, दिले १००. प्रत्येक फेरीत २० रुपये मालकाचे, कुठलंही चित्र निघो. शंभराला १६ रुपये ६७ पैसे. आणि हे चांगलं सोरट. कित्येक ठिकाणी चित्रं १२ आणि मिळतात ८०, म्हणजे तिसरा हिस्सा गेला.

दोन फासे, "सातच्या खाली, सातच्या वर, आणि सात": दोन फाशांच्या ३६ जोड्या होतात. सातच्या खाली १५, वर १५, नेमके सात ६. खाली किंवा वर लावलं तर १५ वेळा जिंकणार, २१ वेळा हरणार. दर डावाला १०० लावणारा ३६ डावांत सरासरी ६०० घालवतो. पुन्हा शंभराला १६.६७. सातवर "चौपट" सांगतात तिथं नीट विचारा. लावलेले १०० परत आणि वर ४०० मिळत असतील तर तोटा तेवढाच, १६.६७. लावलेले धरून एकूण ४०० देत असतील तर तोटा थेट ३३.३३. बोर्डावर दोन्हीला "चौपट"च लिहिलेलं असतं.

चित्रांचे तीन फासे: सहा चित्रं, तीन फासे, एकावर आलं तर एकपट, दोनावर आलं तर दुप्पट, तिन्हीवर तिप्पट. लोक म्हणतात, सहात तीन म्हणजे अर्धी संधी. तशी नाही. २१६ शक्यतांपैकी १२५ मध्ये तुमचं चित्र कुठंच नसतं, ७५ मध्ये एकदा, १५ मध्ये दोनदा, एकात तिनदा. म्हणजे काही तरी मिळण्याची संधी ९१, शंभरात ४२. मिळकत ७५ + ३० + ३ = १०८, तोटा १२५. फरक १७, शंभराला जवळजवळ ८ रुपये. तिन्ही खेळांत हाच सगळ्यात सौम्य, आणि तरी संध्याकाळभर बसणाऱ्याचा खिसा रिकामा करायला पुरेसा.

म्हणून मालकाला लबाडी करायची गरज नसते. करतात ते घाईपोटी. फासा तपासायचा असेल तर आधी समोरासमोरच्या बाजूंची बेरीज बघा, सगळीकडे ७ यायला हवी. एकच आकडा दोनदा छापलेला फासा सहज खपतो, कारण कुठूनही पाहिलं तरी एका वेळी तीनच बाजू दिसतात. मग वजन. पेलाभर पाण्यात, २०० मिलीला साधारण ७० ग्रॅम, विरघळेल तेवढं मीठ घाला आणि हलका प्लॅस्टिकचा फासा सोडा. तरंगला तर बोटानं फिरवत राहा. दर वेळी तीच बाजू वर येऊन थांबत असेल तर आत वजन आहे. काही प्लॅस्टिक जड असतं, ते मिठाच्या पाण्यातही बुडतं. त्यावरून काही ठरवू नका. लाकडी फाशाला साधं पाणी चालतं.

चक्रीलाही तसंच. खिळ्यांवर घासणारी पट्टी बाजूला करायला सांगा आणि चाक अगदी हळू फिरवा. थांबताना ते मागं-पुढं झुलून दर वेळी एकच घर खाली येत असेल तर चाकाचा तोल मुद्दाम बिघडवलाय. दुसरं म्हणजे खेळवणाऱ्याचा पाय आणि कंबर कुठं टेकते ते बघा. आसाला दाब देणारी दोरी किंवा फळी तिथंच असते.

---

पाळणावाला_नाही:

आता रिंग, डबे, फुगे. हे कौशल्याचे खेळ, यांना सरसकट हाकलू नका. पोरांची जत्रा यावरच असते. पण एक टेप आणि वजनकाटा घेऊन जा.

रिंग. बक्षिसाखालचा चौकोनी ठोकळा ८ सेंमीचा असेल तर त्याचा कर्ण ११.३ सेंमी. रिंगचं आतलं माप ११.५ असेल तर ती बसते. मालक वरून सरळ दाबून बसवून दाखवतोही, आणि तो खोटं बोलत नसतो. पण सगळीकडून एक मिलीमीटर मोकळीक. पाच-सहा फुटांवरून टाकलेली रिंग तिरकीच येते. पंधराएक अंश कलली की ती कुठल्याच बाजूनं बसत नाही, कोपऱ्यावर आपटून उडते. त्यातून रिंग प्लॅस्टिकची हलकी आणि ठोकळा रंगवून गुळगुळीत केलेला. माझं मत: आतलं माप कर्णापेक्षा निदान ३-४ सेंमी जास्त असावं, आणि हे सगळ्या ठोकळ्यांना लागू. साबणाच्या ठोकळ्याला ढिली आणि घड्याळाच्या ठोकळ्याला घट्ट, ही नेहमीची मेख आहे. "रिंग पूर्ण खाली टेकली पाहिजे" की "अडकली तरी चालेल" हे पाटीवर लिहून घ्या, भांडणं तिथंच होतात.

डबे. मनोऱ्याच्या खालच्या ओळीतला एक डबा उचलून बघा. आत वाळू किंवा सिमेंट असेल तर हातालाच कळतं. सगळे डबे काट्यावर सारखे भरायला हवेत. मग रचना बघा: खालचा एक डबा इतरांपेक्षा दोन बोटं मागं सरकवलेला असला की चेंडूचा जोर पुढच्यातच संपतो आणि मागचा उभा राहतो. दाखवताना मालक सरळ रचतो, गिऱ्हाइकाला मागं-पुढं. म्हणून मागच्या फळीवर खडूनं डब्यांच्या जागा आखून घ्या. चेंडूही हातात घ्या. चिंध्या भरलेला चेंडू दिसायला मोठा आणि वजनाला काहीच नाही.

फुगे. कमी हवेचा फुगा मऊ राहतो, बोथट बाण त्याला लागून परत येतो. बंदुकीचं तर विचारूच नका, नळीवरची माशी (नेम धरायचा खुंट) बऱ्याचदा वाकडीच असते. सोपा उपाय: मालकाला म्हणायचं, गिऱ्हाइकाच्या रेषेवरून, याच बंदुकीनं, आमच्यासमोर सलग पाच मार. त्याचे तीन चुकले तर त्यानं बंदूक नीट करून आणावी.

पाकीट फोडायचा किंवा चिठ्ठीचा धंदा असेल तर मात्र एकच नियम: मोठ्या बक्षिसाची चिठ्ठी आत आहे का हे सगळी पाकिटं फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडली की खेळ संपला. त्यामुळे तपासता न येणाऱ्या वस्तूला जागा देऊ नका.

---

ॲड_शाहूपुरी:

कायद्याचं, मोजकं.

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. बातम्यांत "कलम १२ (अ)" वाचता ते याचंच: सार्वजनिक रस्त्यावर किंवा लोकांची ये-जा असलेल्या जागी जुगार खेळताना सापडलेल्याला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, साहित्य जप्त करू शकतात. कलम १३ नुसार निव्वळ कौशल्याचे खेळ या कायद्यातून वगळले आहेत. त्यामुळे डबे पाडणं आणि सोरट यांना एकाच मापानं मोजायचं कारण नाही. "लोकांनी आपल्या पैशानं खेळावं" म्हणणाऱ्यांसाठी: जुगाराला जागा वापरू देणारा, म्हणजे मालक किंवा ताबेदार, कलम ४ खाली येऊ शकतो. सोरटवाल्याला कमिटीच्या शिक्क्याची पावती फाडून दिलीत तर पुरावा तुम्हीच तयार केलात.

तीन पत्ते, पट्टा, वाट्या हे मात्र नुसता जुगार नाही, फसवणूक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. फसवून पैसे काढून घेणं कलम ३१८ (४) मध्ये येतं, पूर्वीचं ४२० तेच. शिवाय कलम ११२ मध्ये टोळीनं केलेली फसवणूक आणि बेकायदा जुगार हे किरकोळ संघटित गुन्हे म्हणून घेतलेत. शिक्षा किमान १ वर्ष, कमाल ७ वर्षं, आणि दंड.

फसलेला माणूस तक्रारीला येत नाही, कारण आपणही जुगार खेळलो ही भीती. त्याला समजावताना सांगा की हा खेळच नव्हता, निकाल आधीच ठरलेला होता, आणि तक्रार फसवणुकीची द्यायची आहे. "हरलेले पैसे परत दे" असा दिवाणी दावा लावायच्या भानगडीत पडू नका. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नं पैजेचा करार शून्य आहे.

---

करवीरचा_गडी:

सगळं कामाचं मिळालं. सोरट आणि चिठ्ठी बाद, रिंग-डबे तपासून, असं कमिटीपुढं मांडतो. आता राहिलं शेवटचं. न विचारता बसणाऱ्यांना उठवायचं कसं? आमची पोरं गरम डोक्याची, कुस्तीचं मैदान शेजारीच, कुणी सरळ धरायलाच गेला तर?

---

खासबाग_कट्टा:

धरायला पाठवू नकोस. त्या कोंडाळ्यात किती त्याचे आणि किती बाहेरचे हे तुमच्या पोरांना कळणार नाही, आणि खिशात काय असतंय तेही माहीत नसतंय. त्यांना मार नको असतो, गर्दीही नको असते. त्यांना फक्त निवांत कोपरा पाहिजे असतो. तो काढून घ्यायचा.

पार्किंगचा मागचा कोपरा, मैदानाकडची गल्ली, स्टँडची वाट, इथं दिव्याची माळ आणि बिल्ला लावलेले दोन-दोन स्वयंसेवक उभे करा, आळीपाळीनं. बसलेले दिसले तर तिघा-चौघांनी जाऊन कोंडाळ्यात नुसतं उभं राहायचं, वाद घालायचा नाही. एकानं लांबून, शाळेच्या गच्चीवरून, मोबाईलवर चित्रण करायचं. त्यात टाकणारा नाही, लांब उभे असलेले दोघं आले पाहिजेत, कारण पुढच्या गावात टाकणारा बदलतोय, ते दोघं तेच असतात. दुसऱ्यानं ११२ नंबरवर पोलिसांना फोन लावायचा. पोलीस पाटलांना आणि ठाण्याला जत्रेच्या आधीच पत्र देऊन ठेवा.

आणि माईक. पालखीच्या घोषणा, हरवलेली पोरं, त्याच्या मधेमधे हे म्हणायचं: "शाळेच्या मागं पत्ते घेऊन बसलेल्या पाहुण्यांभोवती जे जिंकताना दिसत आहेत, ते त्यांचेच भाऊबंद आहेत. गावकऱ्यांनी खिसे सांभाळावेत." जागेचं नाव घेऊन म्हणायचं, नुसतं मोघम "सावध राहा" म्हटलं तर कुणी ऐकत नाही.

---

पाळणावाला_नाही:

पावतीच्या मागं दोन ओळी छापून घ्या: तपासणीनंतर रिंग, डबे, बंदूक बदलली तर जागा रद्द, अनामत परत नाही. आणि तपासणी संध्याकाळी पुन्हा एकदा करा. सकाळी दाखवलेल्या रिंगा वेगळ्या पिशवीत असतात.